वेदना, उतारा आणि निवड

किरनापूर हे बालाघाट जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. भोवती भाताची शेती, पलीकडे गोंदिया, आणि दुखणे मोठे असले की नागपूर. अशा गावात वेदनेने रात्र रात्र तळमळणाऱ्या माणसाला कोणीतरी हळूच सुचवतो, "थोडा गांजा ओढून पाहा, बरे वाटेल." पूर्वी सल्ला एवढ्यावर थांबत असे. आता मोबाइलवरून पुढचा सल्लाही येतो : अमक्या जातीचा गांजा सांधेदुखीला, तमक्या जातीचा झोपेला. त्या माणसाने काय करावे? आणि आपण, त्याचे शेजारी व मंडळीचे सभासद, त्याला काय सांगावे?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १८३९ साली कलकत्त्यात डॉ. ओ'शॉनेसी यांनी संधिवात, धनुर्वात इत्यादी विकारांवर गांजाचे प्रयोग करून ते प्रसिद्ध केले. पुढे ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न उपस्थित झाल्यावरून १८९३-९४ साली सरकारने एक आयोग नेमला. त्याने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. त्यांत डॉक्टर, अधिकारी, शेतकरी होते, तसेच मिशनरीही होते. आयोगाच्या सभासदांत कपूरथळ्याचे कंवर हरनाम सिंह हे ख्रिस्ती गृहस्थ होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या त्यांच्याच कन्या. किरनापूरचा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता, आणि त्या प्रांतातील गांजा परवान्याने खंडव्याकडे पिकत असे. आयोगाचा निष्कर्ष असा की, माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. म्हणून सरसकट बंदी नको, नियंत्रण हवे. दोन हिंदी सभासदांनी मात्र आपले वेगळे मत नोंदवले. विचारी माणसांत या बाबतीत तेव्हाही एकमत नव्हते.

आज काय ठाऊक आहे? झाड एकच, पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा, राळेचा चरस. त्यात मुख्य द्रव्ये दोन. टीएचसी नशा आणते आणि काही वेदनाही कमी करते. सीबीडीने नशा येत नाही. 'इंडिका' आणि 'सातिवा' ही नावे वनस्पतिशास्त्रज्ञांनी अठराव्या शतकात दिली. बाजारातील जातींच्या नावांवरून आत कोणते द्रव्य किती आहे हे मात्र खात्रीने कळत नाही. एकाच झाडाच्या शेंड्याचा आणि खालचा फुलोराही सारखा नसतो. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. खाल्लेल्या भांगेला तास-दीड तास लागू शकतो. तेवढ्यात "काहीच होत नाही" म्हणून माणूस आणखी घेतो आणि संकटात पडतो. म्हणजे पुडीवरील नाव पाहून निवडणारा खरोखर काहीच निवडत नसतो. ज्याचे माप ठाऊक नाही त्याला औषध कसे म्हणावे?

गुणाविषयीही सावधपणेच बोलावे लागते. २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने, प्रौढांच्या जुनाट वेदनेत याने आराम मिळतो याला भक्कम पुरावा आहे, असे म्हटले. २०२१ साली वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाने, सर्वसाधारण वापराला दुजोरा देण्याइतका पुरावा नाही, असे जाहीर केले. बालाघाट, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आढळतात. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून बारीक वाहिन्या अडवतात आणि हाडे ठणकू लागतात. या रुग्णांवरील एक लहान प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात २३ जणांनी वाफेवाटे गांजा घेतला, पण नुसत्या भासाच्या औषधाच्या मानाने वेदनेत ठळक फरक दिसला नाही.

हे सांगून आपण थांबलो तर मात्र आपण अर्धेच काम केले. कारण "कोणता गांजा घेऊ?" हा प्रश्न बहुधा असा माणूस विचारतो, ज्याच्या वेदनेला दुसऱ्या कोणी उत्तर दिलेले नाही. याच मध्य प्रदेशाच्या पश्चिमेस, नीमच-मंदसौरकडे, सरकारी परवान्याने अफू पिकते. अफूपासून मॉर्फिन होते. आणि कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे जगन्मान्य औषध आहे. तरी खेड्यातील रुग्णाला ते सहज मिळत नाही. नशेला आळा घालण्यासाठी १९८५ साली झालेल्या कायद्याने औषधाची वाटही अवघड केली. ती सोपी करण्यासाठी २०१४ साली दुरुस्ती करावी लागली. चोराच्या भीतीने दार इतके घट्ट लावले की घरचा आजारीही बाहेर राहिला.

काही भाविक म्हणतील, दुःख सोसण्यात पावित्र्य आहे. होय, वधस्तंभावर खिळले जाण्यापूर्वी आपल्या प्रभूने बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला. पण तो नकार त्याचा स्वतःचा होता. त्याने कोणा रोग्याला "तूही सोस" म्हणून परत पाठवले नाही. चांगल्या शोमरोन्याने तर जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. स्वतःची वेदना कोणी पत्करील. दुसऱ्याच्या वाट्याला ती वाढण्याचा अधिकार कोणाला नाही.

मग आराम आणि नशा यांतील रेषा कोठे काढावी? आम्हांस एक कसोटी दिसते. खरा आराम माणसाला त्याच्या माणसांत परत आणतो. तो दोन घास खातो, नातवाशी बोलतो, प्रार्थनेला बसतो. नशा त्याला त्यांच्यापासून दूर नेते. अखेरच्या दुखण्यात जी गुंगी येते ती मात्र दयाच होय. तिला नशा म्हणू नये.

म्हणून गांजाचा झुरका घेतलेल्या आजाऱ्याच्या दारी गेल्यावर पहिला शब्द दोषाचा नसावा. "कोठे दुखते? केव्हापासून?" असे विचारावे. मग जे ठाऊक आहे ते स्पष्ट सांगावे : गांजा बाळगणे हा गुन्हा आहे, पानांची भांग त्या कायद्याच्या व्याख्येत येत नाही, तरी तिच्यावर राज्याचे नियंत्रण आहे, तरुण मुलांना आणि गरोदर स्त्रियांना याचा धोका अधिक, आणि जे काही घेतले असेल ते डॉक्टरांपासून लपवू नये. त्यानंतर त्याच्याबरोबर दवाखान्यात जावे. सिकलसेलची रक्ततपासणी करवावी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातच शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध वेदनेच्या झटक्यांची संख्या कमी करते. भरपूर पाणी आणि ऊब यांचाही उपयोग होतो. कर्करोग असेल तर मॉर्फिनविषयी न लाजता विचारावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी व्यसनाचा धडा अवश्य द्यावा. पण त्याच वर्गात एखादा मुलगा असा असेल, की ज्याच्या घरी कोणी रात्रभर कण्हत असते. धडा देताना त्या मुलाच्या चेहऱ्याकडे लक्ष असू द्यावे. निवड आजाऱ्याचीच आहे. ती त्याला अंधारात आणि एकट्याने करावी लागू नये, एवढे तरी मंडळीने पाहावे.