‘सर्वांत चांगले’ ह्या शब्दाविषयी

गेल्या उन्हाळ्यात खंडाळ्याच्या एस.टी. स्थानकावर आमच्या मंडळीतील एक बाई आम्हांस भेटल्या. त्यांचा मुलगा आठ वर्षांचा असून गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकत होता. त्यास तेथून काढून मोठ्या रस्त्यावरील इंग्रजी शाळेत घालावे, म्हणून त्यांनी गळ्यातील बोरमाळ गहाण ठेवून फीचा पहिला हप्ता भरला होता. त्या आम्हांस म्हणाल्या, “पाळकसाहेब, आमच्या वाट्याला काय आलं न्हाई. पण लेकराला सगळ्यांत चांगलं तेच द्यायचं, मग आपण उपाशी ऱ्हायलो तरी चालंल. बरोबर हाय न्हवं?”

आम्ही लागलीच होय म्हणालो. परंतु घरी जाताना त्यांचा तो शब्द काट्यासारखा टोचत राहिला.

टोचण्यास कारणही होते, व ते सांगताना आम्हांस लाज वाटते. आमची धाकटी मुलगी एकदा गणिताचा पेपर घेऊन आनंदाने धावत आली. पन्नासांपैकी सेहेचाळीस गुण होते. आम्ही तिला काय विचारले? “वर्गात सर्वांत जास्त कोणास मिळाले?” तिने एका मुलाचे नाव सांगितले व ती आत निघून गेली. त्यानंतर तिने आपला एकही पेपर आम्हांस आपण होऊन दाखविला नाही. ते दप्तराच्या तळाशी चुरगळलेले सापडत, आणि सापडत ते तिच्या आईस. आम्हांस तिचे हितच करावयाचे होते, परंतु आमच्या प्रश्नात ती कोठेच नव्हती. होता तो दुसऱ्याचा मुलगा.

वाचकहो, ‘चांगले’ आणि ‘सर्वांत चांगले’ हे दोन शब्द एकाच गोष्टीची लहानमोठी मापे आहेत असे आपण समजतो. आम्हांस तसे वाटत नाही. पोटभर भाकर चांगली, आणि ती गावातील प्रत्येक लेकरास मिळू शकते. पहिला नंबर मात्र एकासच मिळतो, व तो मिळण्यासाठी बाकीच्यांनी मागे राहावेच लागते. म्हणजे हा दुसरा शब्द उच्चारताच शेजाऱ्याचे मूल आपल्या तराजूत येऊन बसते. बरे, सर्वांत चांगले म्हणजे कोणासाठी? शेतकऱ्यास विचारा, सर्वांत चांगले बियाणे कोणते? तो आधी विचारील, रान कोणते? ज्या कोरडवाहू रानात शाळू हाताशी येतो तेथे उसाचे उत्तम बेणे लावणाऱ्यास तो शहाणा म्हणणार नाही. बियाण्याविषयी आपण इतके जाणतो, आणि लेकराविषयी विसरतो.

येथे कोणी रागाने म्हणेल, आणि त्याचा राग खरा आहे, की आमच्या बापजाद्यांस शाळेच्या उंबऱ्यावर उभे राहू दिले नाही. त्यांसही ‘आहे त्यात समाधान माना’ असेच सांगत. आता तुम्हीही तेच सांगता काय? नाही. जे थोडक्यात समाधान मानण्यास दुसऱ्यास शिकवितात, त्यांची पंगत आम्हांस नको. चांगल्याची मागणी सोडू नये, उलट ती मोठ्याने करावी. परंतु ती कशी करावी हे पाहण्यास आपणांस दूर जाण्याचे कारण नाही.

आपल्याच खंडाळा तालुक्यातील नायगावी १८३१ साली सावित्रीबाई फुले ह्यांचा जन्म झाला. १८४८ साली पुण्यास भिडे वाड्यात त्यांनी व जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, ती हुशार मुली निवडण्यासाठी नव्हे. ज्यांस कोणीच शिकवीत नव्हते त्यांच्यासाठी. त्यांच्या शाळांतील मुक्ता साळवे नावाच्या मांग जातीच्या मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. तिचा वर्गात कितवा नंबर होता, हे कोणासही ठाऊक नाही. ती शिकली आणि आपल्या सर्व लोकांचे दुःख बोलली.

पुढे त्यांस स्वतःचे मूल नव्हते, म्हणून दत्तक घ्यावयाचे ठरले. त्यांनी कुळ पाहून, पत्रिका पाहून मूल शोधले नाही. काशीबाई नावाची एक विधवा जीव देण्यास निघाली होती. तिचा मुलगा, ज्याचे जन्मणेच जगास नको होते, तो यशवंत त्यांनी आपला केला. त्यास डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगात आई व मुलगा मिळून रोग्यांची सेवा करीत होते, आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी आई गेली. आमच्या मते ह्या घराविषयी ‘सर्वांत चांगले’ हा शब्द वापरावयास जागाच नाही, कारण तेथे कोणाशी तुलनाच नव्हती.

इंग्लंडातील बालवैद्य डोनाल्ड विनिकट ह्यांनी १९५३ साली ‘पुरेशी चांगली आई’ असा शब्द वापरला. तान्ह्या बाळाची प्रत्येक हाक आई झेलते. परंतु बाळ जसजसे सोसू लागते तसतसे तिचे झेलणे थोडेथोडे कमी होते, आणि त्या उणिवेतूनच बाळास बाहेरचे जग कळू लागते, असे त्यांचे म्हणणे. कधीही न चुकणारी आई बाळाच्या उपयोगाची नसते. हे वाचून आमच्या घरातून पाळकीणबाईंनी बराच निःश्वास सोडला.

श्रावणात त्या बाई पुन्हा भेटल्या. मुलगा पहाटे उठून पिवळ्या गाडीने जातो. इंग्रजी थोडे येऊ लागले आहे, पण घरी आल्यावर तो कोणाशी बोलत नाही, फक्त शेळीपाशी जाऊन बसतो, असे त्या म्हणाल्या. “आता काय करू, पाळकसाहेब? काढू का शाळेतनं?”

ह्या वेळी आम्ही घाईने होय म्हणालो नाही, आणि नाहीही म्हणालो नाही. शाळा वाईट आहे असे आम्हांस सांगता येईना. बोरमाळही आमची नव्हती. आम्ही इतकेच विचारले, “तो शेळीपाशी बसतो तेव्हा तुम्ही कोठे असता?”

त्या म्हणाल्या, “फीसाठी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. दिवस बुडाल्यावरच घरी येते.”

मग त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. गाडी आली तेव्हा त्या म्हणाल्या की उद्या एक दिवस खाडा करून पाहते. आणि पदर सावरून गर्दीत चढल्या.