आकडा आणि नाव

माणसाच्या माघारी देह मातीला मिळतो, वस्तू वाटल्या जातात, आवाजही हळूहळू विस्मरणात जातो. नाव मात्र घरच्यांच्या जिभेवर पुष्कळ काळ राहते. म्हणूनच सार्वजनिक इमारतीच्या भिंतीत मृतांची स्मरणशिला बसविताना तिच्यावर काय कोरावे, हा प्रश्न एकट्या पाथरवटाचा नसतो. जिवंतांचे मृतांशी काय देणे लागते, याचे उत्तर त्या दगडावर लिहिले जात असते.

कोकणात व घाटावर काही गावांत जुन्या चावडीच्या वा शाळेच्या भिंतीत एक लहानशी पाटी आढळते. पहिल्या महायुद्धानंतर तत्कालीन सरकारने ती बसविली. मजकूर सर्वत्र जवळजवळ सारखाच: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गाव बदलले की आकडा बदलतो. वाक्य तेच राहते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या वाट्याला मृतांचा ४६ हा आकडा आला. गेले ते कोण, कोणाचे पुत्र, कोणाचे पती, याविषयी अशा पाटीचा दगड मुका असतो.

हे सारे अनवधानाने घडले असे म्हणावे, तर इतिहास तसे म्हणू देत नाही. युद्धातील मृतांच्या स्मारकांसाठी १९१७ साली जो साम्राज्य आयोग स्थापन झाला, त्याचे तत्त्व मोठे उदात्त होते: प्रत्येक मृताचे स्मरण नावाने व्हावे, हुद्द्याचा भेद मानू नये. परंतु इराकमधील बसरा येथे स्मारक उभे राहिले तेव्हा गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली, आणि हिंदी शिपायांची मात्र केवळ संख्या नोंदविण्यात आली. त्याच इराकमध्ये कुत येथील वेढ्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि त्यानंतरच्या कैदेत कित्येकांचा अंत झाला. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या खेड्यांतून गेलेली ही माणसे होती. एप्रिल २०२१ मध्ये त्याच आयोगाच्या चौकशी समितीने मान्य केले की, किमान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांचे, विशेषतः पूर्व आफ्रिका व इजिप्त येथील लोकांचे, स्मरण नावाने झाले नाही, वा मुळीच झाले नाही. ही कबुली यायला शंभर वर्षे लागली.

शिपायांची नावे कोरण्याची रीतच तेव्हा नव्हती, असे कोणी म्हणेल. पण पुण्याजवळच्या कोरेगावचा स्तंभ त्याच्याही शंभर वर्षे आधीचा आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या साध्या शिपायांची नावे त्यावर कोरलेली आहेत आणि त्यांतील बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ हा महार समाजाचा प्रत्यय आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. स्तंभ उभारणाऱ्या कंपनी सरकारचा हेतू काहीही असो, ज्या समाजाला गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती, त्याला आपल्या पूर्वजांची नावे दगडावर वाचता आली. नुसत्या आकड्याने हे घडले असते का?

तरी आकड्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. आकड्यात जात दिसत नाही, हुद्दा दिसत नाही. सारे गाव एकत्र उभे असल्यासारखे वाटते. उलट नावांची हाव आपण रोज पाहतो. उद्घाटकाचे नाव मोठ्या अक्षरांत, देणगीदाराचे त्याखाली, आणि ज्यांनी पाट्या वाहिल्या त्यांचे कुठेच नाही. मंदिरे असोत, शाळा असोत, आपली चर्चेस असोत, या मोहातून कोण सुटले आहे? तेव्हा नाव आणि नाव यांतही भेद करावा लागतो. जिवंतपणी स्वतः कोरून घेतलेले नाव ही दानाची पावती होय. मृताचे नाव हे आपल्यावरचे ऋण होय. शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य आणि लाझरस यांचा दाखला आठवावा. जांभळी वस्त्रे नेसणाऱ्याला तेथे नाव नाही. दाराशी पडलेल्या भिकाऱ्याला आहे.

आपल्या शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. तेथील स्मारक हुतात्म्यांना नावाने ओळखते. धाकू गवत्या फोफेरकर, आलू बेमट्या म्हात्रे: ही नावे वाचताना बापाचे नाव कळते, आगरी मातीचा वास येतो, एक घर डोळ्यांपुढे उभे राहते. त्याच गोळीबारात सरकारी कामावर असलेले मामलेदार जोशी हेही मृत्यू पावले. सत्याग्रही आणि सरकारी अंमलदार यांची कृत्ये एका तागडीत घालता येणार नाहीत. पण मृत्यूची नोंद करताना त्यांचे नाव गाळावे काय? मला वाटते, गाळू नये. गौरव कोणाचा करावा हे ठरविण्याचा हक्क समाजाला आहे. कोण मेले हे लपविण्याचा नाही.

नव्या मुंबईत राहणाऱ्या आपल्याला हे अधिक उमजावे. आपला पत्ता सेक्टर आणि प्लॉट यांच्या क्रमांकांनी बनलेला आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि या शहरासाठी ‘९५ गावांची’ जमीन गेली, असे आपण सहज बोलून जातो. त्या आकड्यात शहाबाज आहे, करावे आहे, सारसोळे आहे, जुहूगाव आहे. शेते आणि मिठागरे गमावलेली घरे आहेत.

ज्यांच्या मूळ गावी महायुद्धाची अशी पाटी असेल, त्यांनी ती शोधावी. चावडी वा शाळा नव्याने बांधली जाणार असेल तर तो दगड राडारोड्यात जाऊ देऊ नये. जुना मजकूर पुसू नये. तोही इतिहासच आहे. गावातील वृद्धांना विचारून, आयोगाच्या मृतांच्या याद्या धुंडाळून, जी नावे सापडतील ती दुसऱ्या दगडावर कोरून पाटीखाली बसवावीत. बाप्तिस्म्याच्या वेळी आई-बापांना प्रथम बाळाचे नाव विचारले जाते, आणि नोव्हेंबरात आपण आपल्या मृतांची नावे लिहून वेदीपाशी ठेवतो. आपल्या माणसांसाठी जे आपण आवर्जून करतो, ते त्या अनोळखी शिपायांसाठीही कोणीतरी करावयास हवे होते.