बाजू आणि दृष्टी

राक्षसाच्या बाजूने कथा सांगितली की नायकप्रधान परंपरेची नैतिक चिकित्सा आपोआप घडते, असे समीक्षेत पुष्कळदा गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. 'अनफ्रोझन' या स्वतंत्र निर्मितिसंस्थेच्या 'इराटस : लॉर्ड ऑफ द डेड' (२०२०) या डावपेचप्रधान संगणकीय खेळात खेळाडू प्रेतविद्येचा मांत्रिक असतो, मारलेल्या शत्रूंच्या अवयवांतून तो आपले सैनिक घडवतो. 'डार्केस्ट डंजन' (२०१६) या खेळात वीरांना ग्रासणारा मानसिक ताण येथे शत्रूंवर चालवायचे शस्त्र होतो. म्हणजे बाजू बदलली, संबंध मात्र तोच राहिला : समोरचा हा केवळ साधन.

याउलट जॉन गार्डनरच्या 'ग्रेंडेल' (१९७१) या कादंबरीत 'बेवुल्फ'मधील राक्षसच निवेदक आहे. वाचकाला त्याला चालवता येत नाही. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. ऐकणे आणि चालवणे यांतला हा भेद नैतिकदृष्ट्या निर्णायक ठरतो.

तथापि खेळाला निव्वळ क्रौर्याचे रंजन ठरवणेही घाईचे होईल. वीरांच्या खेळांतही शत्रूच्या मरणातूनच नायकाचे सामर्थ्य वाढत असते. तेथे त्याला 'अनुभव' असे सोज्वळ नाव असते. 'इराटस'मध्ये तोच हिशेब अवयवांच्या रूपाने उघडा पडतो. राक्षसाविषयी सहानुभूती त्यातून निर्माण होतेच असे नाही. नायकाच्या निरागसतेविषयीची शंका मात्र जागी होते. बाजू बदलण्याचे नैतिक मोल असलेच, तर ते या शंकेत आहे. बाजू उलटली एवढ्यावर समाधान मानणाऱ्या समीक्षेला हा भेद टाळता येणार नाही.