अग्नीनंतरची निःशब्दता

शास्त्रभाग : १ राजे १९:९-१३, लूक १३:१-५



बनशंकरीतील आमच्या छोट्याशा मराठी प्रार्थनासभेत एका तरुणाने मला विचारले, "क्राकाटोआजवळचे लोक आपल्याहून अधिक पापी होते काय?" त्याने त्या ज्वालामुखीविषयी नुकतेच वाचले होते.

जावा व सुमात्रा यांमधील सुंदा सामुद्रधुनीतील हे बेट २७ ऑगस्ट १८८३ रोजी फुटले. भूगर्भातील शिलारस व कोंडलेले वायू उसळून बाहेर पडले आणि बेटाचा सुमारे दोनतृतीयांश भाग सागरात खचला. ३० मीटरहून उंच लाटांनी किनाऱ्यावरील गावे धुऊन नेली. ३६,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सुमारे ४,८०० किलोमीटर दूर रॉड्रिग्ज बेटावर तो आवाज तोफांच्या गडगडाटासारखा ऐकू आला. हवेच्या दाबाच्या लहरीने पृथ्वीला अनेक प्रदक्षिणा घातल्या. सप्टेंबरात आपल्या दक्षिण भारतातही सूर्य हिरवा-निळा दिसला. गंधकाच्या सूक्ष्म कणांनी आकाश झाकल्यामुळे पृथ्वी काही काळ किंचित थंडावली. नोव्हेंबरात अमेरिकेतील काही शहरांत संध्याकाळची लाली पाहून आग लागली असे समजून बंब धावले.

त्या तरुणाचा प्रश्न ऐकून मी मान खाली घातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी तरुण होतो. पुढच्या रविवारी मी उपदेशात मोठ्या आवेशाने सांगितले, "हा परमेश्वराचा न्याय आहे." उपासना संपल्यावर एक वृद्ध मावशी जवळ आल्या. त्यांच्या बहिणीची दोन नातवंडे ढिगाऱ्याखाली गेली होती. त्या इतकेच म्हणाल्या, "बाळा, त्यांतलं धाकटं अजून बोलायलासुद्धा शिकलं नव्हतं." माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांची क्षमाही मी त्या वेळी मागितली नाही. आज त्या हयात नाहीत.

शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा प्रभू येशूने काय केले? ती माणसे इतरांहून अधिक अपराधी होती, हा तर्क त्याने स्पष्टपणे नाकारला आणि लगेच ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाचे पाचारण केले. मृतांचे पाप मोजण्याचा अधिकार त्याने कोणालाही दिला नाही. पश्चात्ताप करायचा तो जिवंतांनी. त्या रविवारी तो व्यासपीठावर उभ्या असलेल्या माझ्यापासून सुरू व्हायला हवा होता.

होरेब डोंगरावर एलीयासमोर वारा आला, भूकंप झाला, अग्नी आला. परमेश्वर त्यांत नव्हता. त्यानंतर जे आले त्यासाठी इब्री भाषेत तीन शब्द आहेत : 'कोल देमामा दाक्का'. कोल म्हणजे आवाज, देमामा म्हणजे निःशब्दता, दाक्का म्हणजे बारीक. निःशब्दतेचा आवाज कसा भाषांतरित करावा? या तीन शब्दांपाशी माझी लेखणी अनेक दिवस अडली. शेवटी एवढे उमगले की, परमेश्वराने एलीयाला भूकंपाचे कारण सांगितलेच नाही. तू येथे काय करीत आहेस, असे विचारले आणि त्याला माणसांमध्ये परत पाठविले.

१८८४ च्या मे महिन्यात काही संशोधक क्राकाटोआच्या उरलेल्या भागावर उतरले. त्या राखेत त्यांना एकच जीव आढळला : जाळे विणणारा एक इवलासा कोळी. आज तेथे अरण्य आहे. परंतु म्हणून दुःख मिटले, असे कोणी म्हणू नये. १९२७ मध्ये त्याच जागी नवा ज्वालामुखी समुद्रातून वर येऊ लागला. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री त्याचा कडा कोसळला आणि लाटांनी ४०० हून अधिक बळी घेतले. नाताळ तीन दिवसांवर होता.

म्हणून, प्रियजनहो, कोणाच्या दारी संकट आले तर तेथे कारण घेऊन जाऊ नका. भाकर घेऊन जा, बसा, आणि गप्प राहता आले तर गप्प राहा. वधस्तंभावर ज्याने स्वतः 'का?' असा आक्रोश केला, तो प्रभू त्या घरात तुमच्याआधी पोहोचलेला असतो.

हे प्रभो, आमच्या उतावळ्या जिभेची आम्हांला क्षमा कर. आमेन.