तासाचा हिशेब आणि वर्षाची शिल्लक

हस्तकलेच्या प्रशिक्षण वर्गांमध्ये हल्ली एक सूत्र हमखास फळ्यावर लिहिले जाते. कच्च्या मालाचा खर्च, त्यात कामाचे तास गुणिले तासाची मजुरी, त्यावर वरखर्च आणि शेवटी नफ्याचे काही टक्के. एवढे जमवले की वस्तूची ‘योग्य किंमत’ हाती येते. कारागीर गरीब राहतो कारण तो आपले तास मोजत नाही आणि स्वतःची मजुरी धरायला विसरतो, असे त्यानंतर सांगितले जाते. सांगणारे मनापासून सांगतात, ऐकणारे वहीत उतरवून घेतात. लाकडी खेळणी करणाऱ्या घरात वाढलेला आणि आज तेच घर चालवणारा माणूस म्हणून मला यावर सविस्तर भांडायचे आहे. कारण खेळण्यांच्या धंद्याबद्दल आज जे बोलले जाते, त्याच्या मुळाशी हेच सूत्र आहे आणि ते चुकीच्या घरासाठी केलेले आहे.

इतर मतांचा निकाल लवकर लागतो. आयात खेळण्यांवरचे शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. त्याचा फायदा देशातल्या प्लास्टिक कारखान्यांना झाला असेल. लाकडी बैलाची स्पर्धा मुळात त्याच प्लास्टिकशी आहे, मग ते कुठूनही येवो. ‘वारसा जपा’ म्हणणाऱ्यांनी वर्षातून एकदा एक खेळणे विकत घेतले तरी पुष्कळ. भौगोलिक मानांकनाने चन्नपट्टण आणि कोंडपल्ली या खेळण्यांच्या गावांची नावे देशभर पोचली, आणि नाव होणे चांगलेच. पण नाव झाले म्हणून घरातला हिशेब सुटत नाही. उरते ते किमतीचे सूत्र. त्याला उत्तर द्यायला हवे, कारण ते शहाणपणासारखे दिसते.

आमचे घर भिलाईच्या सेक्टर १० मध्ये आहे. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी हा मुख्य माल, आणि जोडीला गाड्या, भोवरे, भातुकली, भिंतीवर लावायच्या रंगवलेल्या पाट्या. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा मुलांचा सण विदर्भातून नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांनी इथे आणला. छत्तीसगढी घरांत त्याच्या आदल्या दिवशी, अमावास्येला, पोरा असतो. मुलांसाठी चाकांचा मातीचा नांदिया बैला, मुलींसाठी मातीचे जाते, चूल, मडकी, आणि नैवेद्याला ठेठरी-खुरमी. सुपेल्याच्या बाजारात त्या आठवड्यात मातीचा बैल आणि लाकडी नंदी एकाच हातगाडीवर शेजारी शेजारी उभे असतात. आपला सण कोणता, हे घेणारा ठरवतो. विकणाऱ्याला दोन्ही ठाऊक असतात.

आता आमचा नंदी कसा होतो ते पाहा. आरागिरणीतून सागाचे आणि आंब्याचे उरलेले तुकडे हिवाळ्यात येतात आणि महिनोन्महिने वाळत पडतात. ओल्या लाकडाचा बैल घडवला तर पुढे पाठीला तडा जातो. धडे एकदम कापली जातात, चाके लेथवर एका बैठकीत निघतात. मग घासकाम. ते कधी होते, तर टीव्ही चालू असताना, कोणी भेटायला आलेले असताना, भाताला आच देऊन झाल्यावर. त्यानंतर खडूची भुकटी आणि डिंक यांचे अस्तर, त्यावर पांढरा रंग, मग झूल, मग शिंगे. डोळे सगळ्यात शेवटी आणि तेही एकाच हाताने, म्हणजे माझ्या आईच्या. डोळा एक गव्हाएवढा खाली उतरला तरी बैल रडका दिसतो आणि मुले तो उचलत नाहीत. हे सगळे मृग लागण्याआधी आटोपावे लागते, कारण पोळा भर पावसाळ्यात येतो आणि पावसात रंग वाळत नाही. बोटाचे ठसे उमटतात. म्हणजे हिवाळ्यापासून पोळ्यापर्यंत पैसा लाकडात आणि रंगात अडकलेला असतो आणि तो चार-पाच दिवसांत मोकळा होतो.

या कामाचे तास मोजून दाखवा, एवढेच माझे मागणे आहे. सूत्र सांगणारे म्हणतात, अंदाज धरा. धरू. समजा, वीतभर उंचीच्या नंदीला सामान ९० रुपयांचे लागले, काम चार तासांचे धरले, तासाला १०० रुपये. म्हणजे ४९० झाले, वरखर्च आणि नफा धरून ६०० च्या आसपास. बाजारात त्याचे ३५० येतात. सूत्राचा निर्णय स्पष्ट आहे: प्रत्येक नंदीमागे तुम्ही बुडत आहात, किंमत वाढवा नाहीतर धंदा बंद करा.

पण घर बुडालेले नसते. पोळा झाल्यावर लाकूडवाल्याचे, रंगवाल्याचे देणे देऊन हातात काही रक्कम उरते, तिच्यातून शाळेची फी भरली जाते, छपराचे पत्रे बदलले जातात. सूत्र म्हणते तोटा, डब्यात मात्र पैसे आहेत. एवढा उघड विसंवाद दिसत असताना शंका सूत्रावर घ्यायची की घरावर? प्रशिक्षणवाले घरावर घेतात. त्यांच्या मते आम्ही स्वतःला फसवत आहोत.

ही फसवणूक नाही, हे शंभर वर्षांपूर्वी एका रशियन अर्थशास्त्रज्ञाने मांडून ठेवले आहे. अलेक्झांडर चायानोव यांनी १९२५ मध्ये शेतकरी कुटुंबाच्या अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. जिथे कोणी मजूर लावत नाही तिथे मजुरी हा आकडा काल्पनिक असतो, आणि तो वजा करून काढलेला नफाही काल्पनिक, असा त्यांचा मुद्दा होता. कुटुंब वर्षाअखेर जे उरते तेवढे पाहते, आणि घराची गरज व कामाचा शीण यांचा मेळ घालून आणखी राबायचे की थांबायचे ते ठरवते. चायानोव यांना स्टालिनच्या राजवटीत १९३७ मध्ये गोळी घालण्यात आली. त्यांनी मांडलेली शेतकरी कुटुंबे सामूहिक शेतीच्या योजनेत बसत नव्हती.

भिलाईत राहून हे वाचताना एक गोष्ट टोचते. आमचे गाव त्याच सोव्हिएत देशाच्या मदतीने उभे राहिले. पोलाद कारखान्यासाठीचा १९५५ चा करार, ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहीत असते. या पोलादनगरीने लाखो माणसांना घर, दवाखाना, शाळा आणि ठरलेला पगार दिला. माझे वडीलही तिच्याच पगारावर वाढलेल्या पिढीचे, आणि त्याबद्दल कृतज्ञतेखेरीज माझ्याकडे दुसरे काही नाही. पण पाळी, ओव्हरटाइम, भविष्यनिर्वाह निधी यांच्या गावात श्रम म्हणजे तास, हे समीकरण हवेसारखे सगळीकडे असते. अशा गावात घरचा धंदा समजावून सांगणे जड जाते. शेजारी विचारतात, ‘महिन्याला किती पडतात?’ महिन्याला काहीच पडत नाहीत, हे खरे उत्तर आहे, आणि ते ऐकून त्यांना वाईट वाटते.

यावर मला गावगाड्याची आठवण करून दिली जाईल. सुतार-कुंभारांना वर्षाचे बलुते मिळायचे, तेही तासाचे नव्हते. मग तीच व्यवस्था परत हवी का? नको. बलुत्यात जात होती, सक्ती होती आणि भाव ठरवण्याचा हक्क घेणाऱ्याकडे होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ या पुस्तकात त्या गाड्याची चाके कशी खिळखिळी झाली ते दाखवले, तेवढे पुरे.

सूत्राचे खरे नुकसान हिशेबात नाही, मालात दिसते. ३५० च्या नंदीचे ६०० घ्यायचे तर पोळ्याचे गिऱ्हाईक सुटते आणि दिवाणखान्यासाठी घेणारे गिऱ्हाईक शोधावे लागते. मग नंदीवर सोनेरी रंग चढतो, झुलीवर आरसे बसतात, आणि चाके डिंकाने पक्की केली जातात, म्हणजे कपाटात तो घसरत नाही. अशी चाके मी पाहिली आहेत. दोरी बांधून ओढला की तो बैल आडवा पडतो. त्याला कोणी मूल तान्ह्या पोळ्याला बोजारा, म्हणजे सणाची खुशाली, मागायला दारोदार नेणार नाही. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळे आणि भातुकली ज्यांनी लहानपणी हाताळली आहेत, त्यांना फरक सांगायला नको. तिथल्या गंजिफाला, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या खेळाला, राजघराण्याने, विशेषतः राणी सत्त्वशीलादेवींनी, पुन्हा उभे केले आणि ते मोठे काम होते. पण गंजिफा आज संग्राहकाच्या हाती जातो, आणि खेळणे मुलाच्या हाती गेले पाहिजे. किमतीचे सूत्र प्रत्येक खेळण्याला गंजिफाच्या वाटेने ढकलते. ज्याला ती वाट हवी त्याने जरूर घ्यावी. तिला एकमेव शहाणी वाट म्हणणे मला मान्य नाही.

आता त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा. घरातल्या बाईचे तास धरले नाहीत म्हणूनच तुमचा नंदी ३५० ला परवडतो, असे ते म्हणतात. तुमची शिल्लक म्हणजे तिची न दिलेली मजुरी. हा आरोप हलका नाही. आमच्या धंद्यात अर्ध्याहून जास्त काम बायका करतात आणि बाजारात उभा राहतो पुरुष. सूत्रवाले म्हणतात, म्हणून तिचे तास लिहा. पण वहीत तासाला १०० रुपये लिहिल्याने तिच्या हातात काय येते? काहीही नाही. रकाना भरतो आणि पैसे ज्याच्या खिशात जायचे त्याच्याच खिशात जातात. शिवाय साठीची बाई संध्याकाळचा तो तास भिलाईत दुसरीकडे कुठे १०० रुपयांना विकू शकते, हे कोणी सांगत नाही. तिचा खरा प्रश्न असा आहे की पोळ्यानंतर उरलेली रक्कम कोणाच्या खात्यात जाते, पुढच्या वर्षी किती नंदी करायचे हे कोण ठरवते, आणि थकल्यावर ‘यंदा नाही’ म्हणायचा अधिकार तिला आहे का. मजुरीच्या भाषेत हे प्रश्न विचारताच येत नाहीत. मजूर तास विकतो आणि मोकळा होतो. ती मोकळी होत नाही, कारण धंदा तिचा आहे. मालकिणीला मजूर ठरवून न्याय कसा होणार?

म्हणून मी नफा आणि शिल्लक हा भेद धरून बसतो. नफा मजुरी वजा करून निघतो, शिल्लक देणी वजा करून. नफा एका वस्तूचा काढता येतो, शिल्लक घराची आणि वर्षाचीच असते. नफ्याला मालक एक असला तरी चालतो. शिल्लक सगळ्यांच्या कामाची असते, म्हणून तिच्यावर सगळ्यांचे नाव हवे. शिल्लकीच्या नावाखाली घर स्वतःला झिजवून घेऊ शकते, हे चायानोव यांनाही ठाऊक होते. ती झीज थांबवायची तर वाटा आणि निर्णय हे दोन्ही मोजावे लागतील.

आपल्या योजना मात्र घर पाहत नाहीत. खेळण्यांवरचा गुणवत्ता आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यातून हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना सूट मिळाली. ती सूट अगदी आवश्यक होती. अमेरिकेत २००७ मध्ये शिशाच्या रंगाची कारखानी खेळणी परत बोलवावी लागली आणि २००८ च्या कायद्याने प्रत्येक खेळण्याची चाचणी सक्तीची केली, तेव्हा घरी लाकडी खेळणी करणारे त्या खर्चाखाली दबले. त्यांना थोडा दिलासा मिळायला २०११ उजाडले. आपण ती चूक टाळली. पण सूट मिळते नोंदलेल्या एका व्यक्तीला.

पीएम विश्वकर्मा योजनेचेही तेच. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेच्या १८ व्यवसायांत बाहुल्या आणि खेळणी करणारे आहेत, ही आनंदाची गोष्ट. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, ५ टक्के व्याजाने पहिले १ लाखाचे कर्ज, फेड १८ महिन्यांत. नियमात मात्र एका कुटुंबातून एकाच सदस्याची नोंद होते. पती, पत्नी आणि अविवाहित मुले मिळून एक कुटुंब. आमच्यासारख्या घरात तो एक कोण असतो, हे सांगायची गरज नाही. डोळे रंगवणारा हात नोंदीबाहेर राहतो, आणि १८ महिन्यांत पोळा एकदाच येणार की दोनदा, हे कर्ज कोणत्या महिन्यात मिळाले त्यावर ठरते.

ज्यांच्या हातात हे नियम आहेत त्यांच्याकडे मागण्या तीन आहेत. जिथे धंदा घराचा आहे तिथे एकाच सदस्याची अट काढावी आणि नवराबायको दोघांची नोंद करावी. कर्ज आणि विक्रीचे पैसे दोघांच्या जोडखात्यातच जमा व्हावेत. आणि खेळणी करणाऱ्यांच्या कर्जाची फेड पोळा झाल्यानंतरच्या महिन्यात मागावी, त्याआधी नाही.