चिपवर छापलेला आकडा

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आणला. वेग ३०० मेगाहर्ट्झ: मदरबोर्डची बस ६६ ची आणि गुणक साडेचार. गुणकाला कंपनीने कुलूप घातलं होतं, पण बस मदरबोर्डच्या हातात होती. ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डवर ती १०० केली की गुणाकार सरळ ४५० वर जायचा, आणि यातल्या पुष्कळ चिप तिथे खुशाल टिकायच्या. ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू याच्या कित्येक पट महाग होता. ज्यांच्या बोर्डवर बस बदलायची सोय नव्हती, ते प्रोसेसरच्या बी२१ पिनवर चिकटपट्टीचा इवलासा तुकडा लावून काम भागवायचे.

जुन्या बोर्डसाठी स्वस्त प्रोसेसर शोधणारे आजही असंच काहीतरी शोधत असतात. मग प्रश्न येतो: ३०० चे पैसे देऊन ४५० घेणं ही लबाडी आहे का?

आधी हा आकडा येतो कुठून ते बघू. एकाच वेफरवरच्या चिप तंतोतंत सारख्या निघत नाहीत. कारखान्यात प्रत्येकीची चाचणी होते आणि निकालाप्रमाणे तिच्यावर वेग छापला जातो. इथवर सगळं भौतिकशास्त्र. पण उत्पादन चांगलं सुधारलेलं असेल आणि बाजारात मागणी मात्र स्वस्त मालाची असेल, तर धडधाकट चिपवरही छोटा आकडा छापला जातो. म्हणजे तो आकडा निम्मा चाचणीचा निकाल आणि निम्मा दुकानदाराचा हिशोब.

यातला दुकानदार २०१० साली उघडा पडला. इंटेलने पेंटियम जी६९५१ विकला आणि सोबत ५० डॉलरचं एक कार्डही बाजारात ठेवलं. कार्डावरचा कोड टाकला की त्याच चिपमधली १ एमबी कॅश आणि हायपरथ्रेडिंग सुरू व्हायचं. वस्तू घरात, पैसेही देऊन झालेले, आणि तिच्यातल्या एका खोलीची किल्ली वेगळी विकायला! लोक चिडले, कार्ड पुढे बंद झालं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच रोज करतो आणि त्याला 'प्रीमियम प्लॅन' म्हणतो, ती गोष्ट वेगळी.

माझ्या मते छापलेला आकडा हे एक वचन आहे. एवढ्या वेगाला, एवढ्या तापमानात, वॉरंटीच्या काळात ही चिप चुकणार नाही, असं कंपनी सांगते. त्यापुढे ती काहीच बोलत नाही. त्यापुढे जाणाऱ्याने कुणाचं काही चोरलेलं नाही. पण वचनाबाहेर गेल्यावर जबाबदारी त्याच्या गळ्यात येते, आणि ती वाटते त्यापेक्षा जड असते.

व्होल्टेज १० टक्के आणि वेग ३० टक्के वाढवा. वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे १.२१ गुणिले १.३: दीडपटीहून जास्त. हा भार सोसायचा कुणी? बोर्डवरच्या वीज पुरवणाऱ्या भागांनी, ज्यांचे कपॅसिटर दहा वर्षं तापून आधीच थकलेत. त्यामुळे प्रोसेसर निवडताना तो किती पळेल याआधी बोर्ड किती वीज पुरवू शकेल ते बघावं. स्वस्तातल्या बोर्डवर दोन कोरचा प्रोसेसर बरा. चार कोरच्या मोहात पडू नये.

मशीन बंद पडलं तर निदान कळतं तरी. खरी भीती आहे ती न बंद पडता चुकणाऱ्या मशीनची. गणितात एखादा बिट उलटतो, निळी स्क्रीन येत नाही, फाइल मुकाट सेव्ह होते. गेममध्ये त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण त्याच कॉम्प्युटरवर काका सोसायटीचे हिशोब ठेवत असतील, तर जोखीम काकांची आणि मजा माझी, असा सौदा होतो. त्यांना विचारलेलं नसतं.

नव्वदच्या दशकात काही व्यापारी चिपवरचा आकडा खरवडून मोठा छापायचे आणि महाग विकायचे. गुणकाला कुलूप लागण्यामागे हेही एक कारण होतं. चिप तीच, वाढवलेला वेगही तोच. फरक इतकाच की इथे घेणाऱ्याला माहीत नसायचं. म्हणून मला चिकटपट्टी लावणाऱ्याबद्दल तक्रार नाही. पण तोच प्रोसेसर तीन वर्षं जास्त व्होल्टेजवर पळवून तो लॅमिंग्टन रोडवर 'फारसा वापरलेला नाही' म्हणून विकणाऱ्याबद्दल आहे. किती व्होल्ट, किती महिने, हे सांगितलं तर पाचशे रुपये कमी येतील. यावेत.