शेजारचा काउंटर मोकळा आहे

आमच्या शाखेत एक नवी मुलगी लागली आहे. चटपटीत, हुशार, नोटा माझ्यापेक्षा भराभर मोजणारी. तरी सगळी रांग माझ्यापुढे. ‘शेजारचा काउंटर मोकळा आहे,’ असं मी ओरडून सांगतो, पण पेन्शनर मंडळी ढिम्म हलत नाहीत. ‘असू दे हो, आम्हाला तुमची सवय आहे!’ मी वैतागल्याचा चेहरा करतो आणि मनातून फुलतो. बावीस वर्षांत बढती नाही मिळाली, निदान रांग तरी मिळाली.

हे आठवायचं कारण आमची कन्या. परवा पुस्तकांच्या दुकानात तिनं विचारलं, ‘बाबा, सगळे सुपरहीरो इतके म्हातारे का?’

कॉमर्सचा पदवीधर, लगेच हिशेबाला बसलो. सुपरमॅनचा जन्म १९३८चा, बॅटमॅनचा १९३९चा, वंडर वुमन १९४१ची. स्पायडरमॅन त्या मानानं पोर, पण तोही १९६२चा. १९९१ साली आलेल्या डेडपूलची गणती अजून नव्यांत होते!

अमेरिकेत नवे हीरो जन्मत नाहीत असं नाही. जन्मतात, चार-सहा अंक उडतात आणि गडप होतात. कारण खुर्च्या भरलेल्या. आमच्याकडे माणूस साठीला घरी जातो, तिकडे मेला तरी जात नाही. सुपरमॅनला नोव्हेंबर १९९२मध्ये वाजतगाजत मारला, तर १९९३मध्ये स्वारी कामावर हजर! आमचे पेन्शनरही नोव्हेंबरातच हयातीचा दाखला देतात, पण इतक्या थाटात कुणी दिलेला मी पाहिला नाही. नव्याची भरती होते ती बहुधा अनुकंपा तत्त्वावर. २०११ साली एका मालिकेत पीटर पार्कर वारला, तेव्हा माइल्स मोरालेस चिकटला आणि नावारूपालाही आला. पण स्पायडरमॅन हेच नाव लावून. २०१४ साली स्वतःची मालिका मिळालेली कमला खान ‘मिस मार्व्हल’ झाली, तेही नाव आधीच्या बाईंचं.

शिवाय नवा हीरो काढायचा कुणी? जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १९३८ साली सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले. ती रक्कम ज्या चेकनं मिळाली, तो चेक २०१२मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलरना गेला. आमच्याकडे चेक तीन महिन्यांत शिळा होतो; हा चौऱ्याहत्तर वर्षांनी ताजा झाला. हे ठाऊक असलेला लेखक आपलं पोर कंपनीच्या ओटीत कशाला घालील? तो जुन्याचीच गोष्ट पुन्हा लिहितो आणि पगार घेतो. मी त्याला नावं ठेवत नाही. मी तरी दुसरं काय करतो?

पण खरा गुन्हेगार मला त्या दुकानातच सापडला. कन्येनं कमला खानचं पुस्तक उचललं.

‘हे कसलं? बॅटमॅन घे. बॅटमॅन म्हणजे बॅटमॅन!’

‘बाबा, वाचायचंय कुणाला?’

‘तुला.’

‘मग?’

मग काय? पाकीट माझ्या खिशात होतं. मेख इथंच आहे. ज्याच्यासाठी हीरो नवा असतो, त्याच्याजवळ पैसे नसतात; आणि ज्याच्याजवळ पैसे असतात तो हीरो विकत घेत नाही, आपलं दहावं वर्ष विकत घेतो. मला बॅटमॅन थोर वाटतो, कारण मामानं तो आणून दिला तेव्हा मे महिना होता, आजोबा झोपाळ्यावर होते आणि आंब्याचा रस माझ्या कोपरापर्यंत ओघळत होता. हे सगळं नव्या हीरोनं कुठून आणावं? बिचाऱ्याला उडता येतं, भिंती फोडता येतात. माझे आजोबा परत आणता येत नाहीत. आणि तेवढ्यासाठी मी त्याला नापास करतो!

निष्ठा म्हणून काही आहे की नाही? आहे ना. पण ती आपली आपण पाळावी, पोरीच्या माथी मारू नये. तिचंही दहावं वर्ष एकदाच येणार.

कमला खान घेतली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मी ‘काउंटर बंद’ची पाटी मुद्दाम वीस मिनिटं तशीच ठेवली. रांग कुरकुरत शेजारी सरकली. थोड्या वेळानं एका आजींचा आवाज आला, ‘अगंबाई, ही पोरगी तर किती पटापट करते!’

मला फार आनंद झाला. म्हणजे, व्हायला हवा होता.